कणा मोडलेल्या जहाजाचे पाच तास

14 एप्रिल 1988. इराणचं आखात, कतारपासून पन्नास-पंचावन्न मैलांवर. अमेरिकी नौदलाची ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’ ही फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) तेलवाहू जहाजांना सोबत करण्याचं एक काम उरकून रसद घ्यायला एकटीच चालली होती. दुपार उलटून गेली होती. नाळेवरच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या, टेहळ्याला समोर पाण्यात तीन काळे गोळे दिसले. गोळ्यांना शिंगं होती.

कप्तान कमांडर पॉल रिन यांनी जहाज थांबवलं. तीन सुरुंग दिसले म्हणजे न दिसणारे आणखी असणार. ज्या वाटेने आलो तेवढी वाट तरी मोकळी आहे, म्हणून त्यांनी आल्या पावली मागे सरकायचं ठरवलं. संध्याकाळचे पाच वाजत आले असताना, कुणालाच न दिसलेला चौथा सुरुंग जहाजाच्या डाव्या बाजूला तळाशी फुटला.

जहाजाला साडेचार मीटरचं भगदाड पडलं. तळाचा कणा मोडला. मुख्य इंजिन-खोली पाण्याने भरली, तेलाने पेट घेतला, आगीचा लोळ धुराड्यातून वर आकाशात गेला. असं जहाज सहसा बुडतं. हे बुडलं नाही, आणि त्यावरचा एकही माणूस दगावला नाही.

मी बोटीवरचा माणूस, तोही इंजिन-खोलीतला. व्यापारी जहाजांवर नोकरी झाली, आता गावी असतो. शाळेत कधी बोलावतात तेव्हा मुलं ठरलेले प्रश्न विचारतात: लोखंड बुडतं, मग जहाज का नाही? लाटेने उलटत कसं नाही? एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “काका, लढाईत भोक पडल्यावर जहाज बुडतंच ना? मग काही वाचतात ती कशी?” तिला मी या जहाजाची गोष्ट सांगितली. तासाभरात सगळं सांगून झालं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

शिंगवाला गोळा

तो सुरुंग एम-08 जातीचा होता. या 08चा अर्थ 1908. मूळ आराखडा झारच्या काळातल्या रशियाचा, आणि त्याच्यासमोर क्षेपणास्त्रं बाळगणारं, संगणकांनी भरलेलं, जेमतेम दोन वर्षं सेवेत असलेलं जहाज. सुरुंगाची रचना मात्र समजून घेण्यासारखी आहे. लोखंडी पोकळ गोळा, आत साधारण 115 किलो स्फोटक आणि बाकी हवा, म्हणून तो तरंगतो. खाली तळाशी वजन, त्याला साखळदंड किंवा तार. तार बेताने आखूड ठेवली की गोळा पाण्याच्या पृष्ठभागाखाली दबा धरून राहतो. वरची शिंगं शिशाची, मऊ. प्रत्येक शिंगात काचेची नळी आणि नळीत आम्ल. जहाज घासलं की शिंग वाकतं, नळी फुटते, आम्ल खाली ओघळून कोरडी बॅटरी जिवंत होते आणि ठिणगी पडते. यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही, म्हणूनच ही वस्तू ऐंशी वर्षांनीही तितकीच जीवघेणी होती.

मागे सरकण्याच्या निर्णयावरही थोडं थांबायला हवं. रॉबर्ट्सला पाण्याखाली फिरून जहाज चालवणारा एकच पंखा. एका पंख्याचं जहाज उलटं चालवणं किती कठीण, हे सुकाणू धरलेल्या कुणालाही माहीत आहे. पंखा उलटा फिरला की जहाजाची मागची बाजू एका अंगाला ओढली जाते, आणि सुकाणूवर पुढून पाणी येत नसल्याने त्याचा धाक उरत नाही. या जातीच्या फ्रिगेटना नाळेच्या बाजूला तळातून खाली सोडता येणारे दोन छोटे विजेचे पंखे असतात. तेही रिन यांनी वापरले. आपल्याच फेसाळ मागावरून मागे जायचं, पण समुद्र माग जपून ठेवत नाही. वारा आणि प्रवाह जहाजाला हातभर इकडे, हातभर तिकडे नेतात, आणि सुरुंगाला हातभर अंतर पुरतं. तरीही तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पुढे जाणं म्हणजे दिसणाऱ्या संकटात शिरणं होतं, आणि जागीच थांबलं तरी जहाज वाहत जातंच.

कावड आणि साकव

कणा मोडला म्हणजे नेमकं काय झालं? जहाज ही एक लांबच लांब पोकळ तुळई आहे. रॉबर्ट्सची लांबी सुमारे 138 मीटर, रुंदी पावणेचौदा मीटर. लाटेचा माथा जहाजाच्या मध्याखाली आला की दोन्ही टोकं अधांतरी होतात आणि जहाज कावडीच्या बांबूसारखं वाकतं: मध्ये खांदा, दोन्हीकडे ओझं. पुढच्याच क्षणी लाटेचे माथे दोन्ही टोकांखाली आणि मध्ये खळगा आला, की तेच जहाज साकवासारखं होतं: दोन्ही टोकं काठावर, माणूस मधोमध. कावड, साकव, कावड, साकव. जहाजाचं सगळं आयुष्य या दोन वाकण्यांत जातं आणि तळाचा कणा आणि वरचं डेक मिळून ते झेलतात.

पाण्याखालच्या स्फोटाने हेच दोन झटके क्षणार्धात आणि कल्पनेपलीकडच्या जोराने बसतात. स्फोटाच्या वायूचा बुडबुडा फुगतो आणि जहाजाचा मध्य वर फेकतो: कावड. मग तो बुडबुडा आकसतो, खालचा आधार निघून जातो, आणि जहाज आपल्याच वजनाने मध्ये खचतं: साकव. या झटक्यात रॉबर्ट्सचा कणा तुटला. विमानाच्या इंजिनांवरून घडवलेली तिची दोन गॅस टर्बाइन आपल्या बैठकांवरून उखडली. इंजिनाच्या बैठकीचे बोल्ट मी हाताने आवळलेले आहेत, त्यामुळे हे वाक्य लिहिताना माझ्या पोटात गोळा येतो.

मग जहाज दोन तुकडे होऊन गेलं का नाही? कारण तुळईची वरची बाजू शाबूत होती. मुख्य डेकच्या आणि बाजूंच्या वरच्या पोलादाने पुढचा आणि मागचा भाग बिजागरीसारखा धरून ठेवला. समुद्र त्या दिवशी खवळलेला असता तर ती बिजागरी टिकली नसती, असं मला वाटतं.

जे गेलं ते समुद्राला देऊन टाकायचं

आता त्या मुलीचा मूळ प्रश्न. रॉबर्ट्सचं वजन भरल्या अवस्थेत सुमारे 4100 टन. ती तरंगते याचा अर्थ ती 4100 टन पाणी बाजूला सारून बसलेली असते. लोखंड जड आहे की हलकं, याचा इथे संबंध नाही. पोकळी किती आणि ती कोरडी किती, यावर सगळं अवलंबून. पाण्याच्या रेषेच्या वर जेवढं बंदिस्त, कोरडं शरीर उरलेलं असतं, ती जहाजाची शिल्लक. एखादी खोली भरली की जहाज तेवढं खाली बसतं, त्या शिल्लकीतला थोडा भाग पाण्याखाली जातो आणि हिशेब पुन्हा जुळतो. शिल्लक संपली की जहाज संपलं.

म्हणून जहाज आडव्या जलरोधक भिंतींनी खोल्या-खोल्यांत विभागलेलं असतं. जहाजावर आम्ही या भिंतीला बल्कहेड म्हणतो. इथे पाणी आलं तरी तिथे जायला नको, एवढंच तिचं काम.

साडेचार मीटरच्या भगदाडातून किती पाणी येतं? चार मीटर खोलीवर पाणी सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने आत घुसू पाहतं. भगदाडाचं क्षेत्रफळ सोळा चौरस मीटर. फाटलेल्या पत्र्यांचा अडथळा धरला तरी सेकंदाला पन्नास टनांहून जास्त. जगातला कुठलाही जहाजी पंप त्यापुढे उभा राहत नाही. इंजिन-खोली काही क्षणांत भरली. तिच्या मागची एक सहायक यंत्र-खोलीही गेली. आतल्या माणसांतले काही भाजले, पण बाहेर पडले.

फुटलेली खोली उपसायच्या नादी लागायचं नाही. जे गेलं ते समुद्राला देऊन टाकायचं आणि त्याच्या शेजारची भिंत धरायची. बोलायला सोपं वाटतं. पण तुमचं इंजिन, तुमचं रोजचं कामाचं ठिकाण, समोर पाण्याखाली जात असताना त्याच्याकडे पाठ फिरवायला सराव लागतो.

इंजिन-खोलीच्या पुढच्या बाजूला दुसरी सहायक यंत्र-खोली होती. मधल्या भिंतीला झटक्याने तडे गेले होते आणि त्यांतून पाणी फवारत होतं. ही तिसरी खोली गेली असती तर जहाज गेलं असतं. त्या संध्याकाळी रॉबर्ट्सचं तरंगणं त्या एका भिंतीवर आलं होतं.

भिंतीवर भार किती? पलीकडे चार मीटर उंच पाणी आणि भिंत दहा मीटर रुंद धरू. तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर चार टन, वर शून्य, सरासरी दोन. चाळीस चौरस मीटरला ऐंशी टन. भरलेले आठ-नऊ ट्रक आडवे टेकून उभे आहेत असं समजा. तडा गेलेली, फुगलेली भिंत हे एकटीने किती वेळ झेलणार?

टेकू आणि पाचर

इथे जे काम चालतं त्यात संगणक नाही. लाकूड, करवत, हातोडा, पाचर, चिंध्या, गाद्या. तड्यात कापडाचे बोळे कोंबायचे, वर गादी किंवा घडी केलेलं ब्लँकेट, त्यावर फळी. फळीला मागून लाकडी वासा टेकवायचा, वाशाचं दुसरं टोक डेकवरच्या किंवा समोरच्या एखाद्या पक्क्या भागावर. वासा मापापेक्षा किंचित आखूड कापायचा, कारण उरलेली फट पाचरींनी भरायची असते. पाचरी नेहमी जोडीने, एकमेकींसमोरून, आणि दोन्ही बाजूंनी सारख्या ठोकायच्या. एकाच बाजूने ठोकली तर फळी सरकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फुगलेली भिंत मागे ढकलून सरळ करायचा प्रयत्न करायचा नाही. ती जिथे आहे तिथेच धरायची. ढकललं तर तडा वाढतो. टेकू बसला की काम संपत नाही. जहाज हलतं, लाकूड दबतं, पाचर सैल होते, म्हणून कुणीतरी तिथेच बसून दर थोड्या वेळाने हातोडीने ठोकून बघायचं.

हे करणारी माणसं कमरेएवढ्या पाण्यात, धुराच्या वासात, अर्धवट उजेडात असतात. स्फोटानंतर वीज गेली होती. काही मिनिटांत ती परत आणली गेली. ते शक्य झालं कारण जहाजाचे चारही डिझेल जनरेटर एकाच खोलीत कोंबलेले नव्हते. आराखडा काढणाऱ्याने कधीतरी कागदावर केलेल्या या विभागणीने त्या दिवशी पंप चालू ठेवले. वीज नसती तर आग विझवणाऱ्या नळांना दाब नाही, रेडिओ नाही, रडार नाही.

अंधाराबद्दल एक गोष्ट आम्हालाही शिकवतात. धुराने भरलेल्या खोलीत भिंत चाचपत पुढे जायचं ते हाताच्या पाठीने, तळहाताने नाही. उघड्या तारेला तळहात लागला तर मूठ आवळली जाते आणि सुटत नाही. हाताची पाठ लागली तर हात झटक्यात मागे येतो. प्रशिक्षणात धुराच्या खोलीत मी असा चाललेलो आहे, बाहेर प्रशिक्षक उभे होते तरी घसा कोरडा पडला होता. रॉबर्ट्सवर बाहेर फक्त समुद्र होता.

विझवणारं पाणी कुठे जातं

या प्रकरणाचा गाभा माझ्या मते पुढे आहे.

आग लागली की पाणी मारायचं, हे कुणालाही कळतं. पण जहाजावर मारलेलं पाणी जहाजातच राहतं. एक मोठा नळ मिनिटाला 500 लिटर फेकतो असं धरा. चार नळ लावले तर तासाला 120 टन पाणी आपण आपल्याच हाताने जहाजात भरतो, आधीच खोल बसलेल्या जहाजात. आणि हे पाणी बरेचदा वरच्या मजल्यांवर साचतं. वजन वर गेलं की जहाज डोक्याकडे जड होतं.

त्याहून वाईट म्हणजे ते पाणी हलतं. परातीत दोन बोटं पाणी घेऊन चालून पाहा. तांब्यातलं पाणी घेऊन आरामात चालता येतं, परात मात्र जराशी कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. रुंद डेकवर पसरलेलं उथळ पाणी हीच परात आहे. जहाज एका अंगाला थोडं झुकलं की पाणी तिकडे जातं, आणि जहाजाची सरळ व्हायची ताकद कमी करतं. आग जहाज जाळते, पण उलटवतं ते पाणी.

न्यूयॉर्कच्या धक्क्यावर फेब्रुवारी 1942 मध्ये ‘नॉर्मंडी’ हे अवाढव्य प्रवासी जहाज असंच गेलं. आग आटोक्यात आली, पण ओतलेल्या पाण्याच्या वजनाने ते धक्क्यालाच आडवं झालं. रॉबर्ट्सच्याच जातीची ‘स्टार्क’ ही फ्रिगेट 17 मे 1987 रोजी याच आखातात इराकी विमानाने सोडलेल्या दोन क्षेपणास्त्रांनी पेटली. 37 नौसैनिक गेले. आगीवर मारलेल्या पाण्याने जहाज कलायला लागलं, तेव्हा तिच्या कप्तानाने डाव्या बाजूचं भोक पाण्याच्या वर राहावं म्हणून उजव्या बाजूच्या खोल्यांत मुद्दाम पाणी घेतलं. बुडू नये म्हणून आणखी पाणी आत घ्यायचं, हा हिशेब डोकं शांत असल्याशिवाय सुचत नाही. स्टार्कच्या माणसांनी जिवाचं मोल देऊन जे शिकलं, ते वर्षभरात रॉबर्ट्सच्या कामी आलं.

आपल्याकडचं उदाहरण ताजं आहे. 21 जुलै 2024च्या संध्याकाळी मुंबईच्या नौदल गोदीत दुरुस्तीसाठी असलेल्या आयएनएस ब्रह्मपुत्रावर आग लागली. 22च्या सकाळपर्यंत आग आटोक्यात आली, आणि त्याच दिवशी दुपारी जहाज डाव्या अंगाला कलून धक्क्याशीच आडवं झालं. एका नौसैनिकाचा जीव गेला. त्याची कारणं ठरवणं माझं काम नाही. पण आग विझली ही बातमी वाचून सुटकेचा नि:श्वास टाकलेल्या आपल्यासारख्यांना दुपारी दुसरी बातमी वाचताना जो धक्का बसला, तो मला अजून आठवतो.

आता रॉबर्ट्सकडे. खाली आग, वर धूर, मागचा भाग खोल जात चाललेला, आणि पुढच्या भिंतीतून पाणी येतंय. माणसं दोनशेच्या वर, पण प्रशिक्षित हात मोजकेच. रिन यांनी क्रम बदलला. आगीवर पाणी मारणं थांबवा, आधी भिंत धरा.

आग जळत असताना नळ बंद करायला सांगणं किती अवघड असेल. पायाखालचं डेक तापलं आहे, धुराड्याच्या बाजूने ज्वाळा आहेत, आणि कप्तान सांगतो लाकूड उचला. पण हिशेब त्यांच्या बाजूने होता. आग पसरायला वेळ घेते. भिंत फुटली तर वेळच उरत नाही. भिंत धरली, पाणी थांबलं, जहाज आणखी खाली जायचं थांबलं, आणि मग पुन्हा आगीकडे वळून ती विझवली. या सगळ्याला पाच तास लागले.

तारा आवळल्या

वरच्या भागात वेगळंच चाललं होतं. या जातीच्या फ्रिगेटचा तळ पोलादाचा, पण वरचं घर ॲल्युमिनियमचं. वजन वर कमी राहावं म्हणून. ॲल्युमिनियम हलकं असतं, पण ते तापलं की लवकर मऊ पडतं, आणि झटक्याने चिरतं. मोडलेल्या कण्याचं जहाज प्रत्येक लाटेबरोबर मध्ये वाकत होतं आणि वरच्या घराच्या भेगा उघडत-मिटत होत्या. खलाशांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना पोलादी तारा बांधल्या आणि आवळल्या. आपल्याकडे फुटलेल्या खाटेच्या पायाला सुतळी गुंडाळतात तशी. तारांनी चार हजार टनांचं जहाज धरलं असं मी म्हणणार नाही. डेकच्या पोलादाने धरलं. पण भेग पुढे पळू न देण्यात तारांचाही वाटा असणार.

या गदारोळात जहाज लढाईतून बाद झालं होतं का? नाही. रडार आणि पुढच्या भागातला क्षेपणास्त्र सोडणारा यंत्रसंच चालू राहिला. युद्धक्षेत्रात हे महत्त्वाचं, कारण जखमी जहाजावर कुणीही चालून येऊ शकतं. मोठा पंखा बंद, टर्बाइन उखडलेली. तर नाळेखालचे ते दोन छोटे विजेचे पंखे कामाला लावून रॉबर्ट्स पाच नॉटच्या वेगाने सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर सरकली. पाच नॉट म्हणजे ताशी नऊ किलोमीटर. भराभर चालणाऱ्या माणसाहून थोडं जास्त.

दहा जखमींना हेलिकॉप्टरने हलवलं. त्यातले सहा एक-दोन दिवसांत जहाजावर परत आले. चार जण गंभीर भाजले होते, त्यांना जर्मनीतल्या लष्करी रुग्णालयात नेलं. जहाज दुबईला आणलं.

हे आधी कुठे घडलं होतं

या जहाजावर एक पितळी फलक होता. याच नावाचं एक लहान जहाज 25 ऑक्टोबर 1944 रोजी फिलिपिन्सच्या समार बेटाजवळ आपल्याहून कितीतरी मोठ्या जपानी युद्धनौकांना सामोरं गेलं आणि बुडालं. त्यावरच्या खलाशांची नावं फलकावर होती. सुरुंग फुटल्यानंतर या टोकाहून त्या टोकाला धावणारे खलाशी जाता जाता त्या फलकाला हात लावत होते, असं त्यांच्यापैकी अनेकांनी नंतर सांगितलं. देवळाच्या उंबऱ्याला हात लावून पुढे जाणाऱ्या आपल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

पण खरं उत्तर सरावात आहे. रॉबर्ट्सने क्युबातल्या ग्वांतानामोच्या नौदल तळावर बुडणं आणि जळणं यांचा खोटा-खोटा सामना पुन्हा पुन्हा केला होता. अशा सरावात परीक्षक अचानक सांगतो की अमुक दिवे गेले, अमुक जिना तुटला, अमुक माणूस जखमी, आता पुढे काय करणार? लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर भारतीय नौदलाचंही याच विद्येचं प्रशिक्षण चालतं. व्यापारी जहाजांवर आमचा सराव त्यामानाने किरकोळ. शनिवारी घंटा वाजायची, लाइफजॅकेट घालून उभं राहायचं, नळातून चार शिंतोडे उडवायचे, सही करायची. तरुणपणी मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटायचा. पुढे एका जहाजावर आमच्या जनरेटरच्या तेलाच्या नळीला गळती लागून छोटी आग लागली. मी जागच्या जागी खिळलो, आणि माझ्यापेक्षा वयाने लहान असलेला रत्नागिरीकडचा एक मोटरमन, म्हणजे इंजिन-खोलीतला खलाशी, काही न बोलता पुढे झाला, तेलाचा कॉक बंद केला आणि मग सिलिंडर उचलला. आधी तेल, मग आग. त्याला विचार करावा लागला नाही. हात आपोआप गेला. रिन यांचा निर्णय मी वाचतो तेव्हा मला तो मोटरमन दिसतो.

कुणाचा सुरुंग

हे थोडक्यात. इराण-इराक युद्ध चालू होतं आणि आखातात तेलवाहू जहाजांवर दोन्हीकडून हल्ले होत होते. सापडलेल्या सुरुंगांवरचे क्रमांक आणि सप्टेंबर 1987 मध्ये सुरुंग पेरताना पकडलेल्या ‘इराण अजर’ या इराणी जहाजावरच्या सुरुंगांचे क्रमांक एकाच मालिकेतले निघाले. 18 एप्रिल 1988 रोजी अमेरिकेने प्रतिहल्ला करून इराणचे दोन तेल-फलाट (समुद्रातून तेल काढायचे मचाण) उद्ध्वस्त केले आणि ‘सहंद’ ही फ्रिगेट बुडवली. दोन्ही बाजूंची माणसं मेली. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2003 मध्ये निकाल देताना, पुरावा इराणकडे बोट दाखवणारा असला तरी निर्णायक नाही आणि तेल-फलाटांवरचा हल्ला स्वसंरक्षण म्हणून मान्य करता येत नाही, असं म्हटलं. रॉबर्ट्सवर एकही मृत्यू झाला नव्हता. त्या जहाजाच्या नावाने चार दिवसांनी मेलेली माणसं मात्र कुणाच्या तरी घरची होती, आणि खलाशांच्या शौर्याबद्दल लिहिताना ती विसरता येत नाहीत.

घरी कसं नेलं

मोडक्या कण्याचं जहाज अटलांटिक ओलांडून ओढत न्यायचं तर वाटेत दोन तुकडे व्हायची भीती. म्हणून दुसरंच एक जहाज बोलावलं, ‘मायटी सर्व्हंट 2’. ते आपल्या टाक्यांत पाणी घेऊन स्वतःच अर्धं बुडतं. त्याचं लांबरुंद डेक पाण्याखाली गेलं की वर दुसरं जहाज आणून उभं करायचं, मग टाक्या उपसायच्या, आणि ते खालून वर येतं, पाठीवर जहाज घेऊन. तरंगण्याचा तोच हिशेब, मुद्दाम उलटा मांडलेला. 27 जून 1988 रोजी रॉबर्ट्स अशी पाठीवर चढली.

ऑक्टोबरात ती मेन राज्यातल्या पोर्टलंडच्या गोदीत पोचली. तिथे जे केलं ते ऐकून इंजिनवाल्या माणसाचे डोळे विस्फारतात. इंजिन-खोली दुरुस्त केली नाही. कापून काढली. नवी 315 टनांची अख्खी इंजिन-खोली वेगळी बांधून जहाजाखाली आणली, जॅकने उचलली आणि भोवतीने वितळजोड (वेल्डिंग) मारला. 1 एप्रिल 1989 रोजी जहाज गोदीबाहेर आलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात चाचणीसाठी समुद्रावर गेलं. खर्च 8 कोटी 95 लाख डॉलर. त्यानंतर पंचवीस वर्षांहून जास्त काळ ते नौदलात राहिलं आणि 22 मे 2015 रोजी निवृत्त झालं.

तिला पाठीवरून नेणारं ‘मायटी सर्व्हंट 2’ इतकं जगलं नाही. 2 नोव्हेंबर 1999 रोजी इंडोनेशियातल्या सिंगकेप बेटाजवळ, शांत समुद्रात, नकाशावर नसलेल्या एका सुट्या खडकाला त्याचा तळ लागला आणि ते उलटलं. पाच माणसं गेली.